नवरा एका देशाचा, मी दुसऱ्या देशाची: कस्टडीसाठी घेतलेल्या ऑनलाइन मेडिएशन सर्व्हिसचा रिव्ह्यू

ज्यांचं लग्न दोन वेगळ्या पासपोर्टवाल्यांचं आहे, आता ते मोडतंय आणि मध्ये मूल आहे त्यांच्यासाठी लिहितेय. सर्व्हिसचं नाव आणि आमचे दोन देश लिहीत नाहीये, मुलाची केस आहे म्हणून. पण अशी सर्व्हिस, म्हणजे कोर्टाबाहेर दोघांना बोलतं करून मुलाच्या ताब्याचा करार घडवून आणणारी, नक्की काय करते आणि कुठे तुमचं तुम्हालाच बघावं लागतं ते नीट सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत धड काही सापडलं नाही.

आमची परिस्थिती अशी, की नवरा तिथला नागरिक, मी त्याच्यामुळे मिळालेल्या स्पाउस व्हिसावर, मुलाकडे बापाच्या देशाचा पासपोर्ट. भांडण पेटलं की तिकडून एकच वाक्य यायचं, "घटस्फोट झाला की तुझा व्हिसा संपला, तू जा, मुलगा इथेच राहील." आणि माझ्या माहेरचे फोनवर म्हणायचे, "पोराला घे आणि सरळ निघून ये, पुढचं पुढे बघू." या दोन वाक्यांच्या मध्ये माझी झोप उडाली होती. सर्व्हिसचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे ही दोन्ही वाक्यं त्यांनी सुरुवातीलाच उघडी पाडली, तीही दोघांसमोर, कोणाची बाजू न घेता.

आधी पद्धत सांगते. एकत्र बसवण्याआधी दोघांशी वेगवेगळं बोलतात, मारहाण आहे का, धमक्या आहेत का, कोर्टात आधीच केस पडलीये का, व्हिसाची तारीख कधी संपते, सगळं विचारतात. मग दोन मेडिएटर. एक वकिलीतली बाई, एक मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ पुरुष, एकाची भाषा माझी तर दुसऱ्याची नवऱ्याची. मला हा थाट वाटला होता पण तसं नाहीये, पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात २००७ मध्ये झालेल्या घोषणापत्रात दोन देशांच्या जोडप्यांसाठी हीच रचना सुचवलेली आहे, दोन देश, दोन भाषा, दोन पेशे, एक बाई एक पुरुष. प्रत्यक्षात फरक पडतो हो. रागात आपण आपल्याच भाषेत बोलतो आणि तेव्हा समोर कोणीतरी ते जसंच्या तसं समजणारं लागतं.

आता "निघून ये" बद्दल. १९८० चा हेग करार आहे, शंभरहून जास्त देश त्यात आहेत. १६ वर्षांखालचं मूल जिथे नेहमी राहतं तिथून दुसऱ्या पालकाच्या हक्काविरुद्ध करारातल्या दुसऱ्या देशात नेलं तर तिथलं कोर्ट आधी मुलाला परत पाठवायचं बघतं. आई चांगली की बाप चांगला, हा प्रश्न तिथे निघतच नाही, तो मूळ देशातल्या कोर्टाचा. अपवाद आहेत, मुलाला गंभीर धोका असेल तर किंवा समजत्या वयाचं मूल स्वतः नको म्हणत असेल तर, पण ते सिद्ध करावे लागतात. म्हणजे सख्ख्या आईनेच नेलं असलं तरी कागदावर ते अपहरण ठरू शकतं. हे ऐकल्यावर मी आईला फोन करून सांगितलं की यापुढे हा सल्ला देऊ नकोस.

भारत या करारात नाहीये, म्हणून आपल्याकडे खूप जणांना वाटतं की भारतात आलं की सुटलो. तसं अजिबात नाही. दुसरा पालक हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाकतो, म्हणजे मुलाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की परदेशी कोर्टाची ऑर्डर ही विचारात घ्यायची एक बाब, मुलाचं हित सगळ्यात वर, आणि त्या केसमध्ये मुलगी आईकडेच राहिली. २०२० च्या दुसऱ्या केसमध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने आईला मुलीला घेऊन अमेरिकेत परत जायला सांगितलं. तेव्हा ओळखीच्या कुणाचं तरी निभावलं म्हणून आपलंही निभावेल असं धरून तिकीट काढू नका प्लीज.

व्हिसाचं वाक्य अर्धवट खरं निघालं. देशागणिक नियम वेगळे. अमेरिकेत एच-४, म्हणजे तिथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, घटस्फोट फायनल झाल्यावर जातो, नुसतं वेगळं राहिल्याने नाही, आणि लग्नामुळे मिळालेलं दोन वर्षांचं कंडिशनल ग्रीन कार्ड असेल तर लग्न खरं होतं हे दाखवून जोडीदाराशिवाय एकटीने अर्ज करता येतो. युरोपियन युनियनमध्ये स्वतःचा देश सोडून युनियनच्या दुसऱ्या देशात राहणाऱ्या नागरिकाशी लग्न असेल तर लग्नाची तीन वर्षं आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात झालं असेल, किंवा मुलाची कस्टडी तुमच्याकडे असेल, तर घटस्फोटानंतरही राहण्याचा हक्क टिकू शकतो. ब्रिटनमध्ये पालक म्हणून वेगळा व्हिसा मागता येतो. उलट ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात राहायला मिळणारं कार्ड, लग्नामुळे मिळालं असेल तर घटस्फोटानंतर रद्द होऊ शकतं, म्हणजे ही टांगती तलवार गोऱ्या सुनेच्या किंवा जावयाच्या डोक्यावरही असते.

पण इथेच माझी पहिली तक्रार आहे. मेडिएटर व्हिसावर सल्ला देत नाहीत. बरोबर आहे, ते दोघांचे आहेत, एकट्या माझे नाहीत, पण हे पैसे भरायच्या आधी ठळक सांगायला हवं होतं. मला वेगळा इमिग्रेशन वकील गाठावा लागला आणि त्यानेच सांगितलं की आधी मुलाचा करार, मग माझा व्हिसा अर्ज, घटस्फोटाची डिक्री शेवटी. हा क्रम नवऱ्याने मान्य केला तो मात्र मेडिएशनमुळेच, वकिलांच्या नोटिसांनी केला नसता याची मला खात्री आहे.

सगळ्यात चांगलं काम झालं ते प्रवासाच्या कलमावर. माझ्या मसुद्यात होतं, "सुट्टीत योग्य काळासाठी मुलाला आजोळी नेता येईल." मॅडमनी स्क्रीन शेअर करून "योग्य" वर रेघ मारली आणि विचारायला लागल्या, किती दिवस, परतीचं तिकीट कोण काढणार, त्याची कॉपी किती दिवस आधी द्यायची, पासपोर्ट एरवी कोणाकडे, तिकडे मूल आजारी पडलं आणि फ्लाइट चुकली तर कोणी कोणाला कळवायचं. नवरा बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला की मला भीती वाटते ही परत येणारच नाही. एवढे महिने भांडलो पण हे तो सरळ कधी बोलला नव्हता. त्यानंतर चर्चेची गाडी रुळावर आली. मुलाशी तज्ज्ञ वेगळे बोलले, त्याला शाळा बदलणार का एवढंच हवं होतं, आणि व्हिडिओ कॉलवर बाबा शेजारी बसून उत्तरं सांगतो ते नको होतं. दोन्ही गोष्टी करारात आल्या.

दुसरी तक्रार, मसुदा पाठवायला फार उशीर केला, माझी व्हिसाची तारीख जवळ येत होती आणि मी रोज इनबॉक्स उघडून बघत होते. भाषांतर आणि अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) यांचा खर्चही फीमध्ये नाही, वेगळा धरा. आणि करारावर सह्या झाल्या म्हणजे काम झालं असं समजू नका. तो कोर्टाकडून ऑर्डरमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि जिथे मूल सुट्टीला जाणार त्या देशातही त्याच अटींची मिरर ऑर्डर मिळत असेल तर प्रवासाच्या आधीच घ्या. दोन्ही देश १९९६ च्या वेगळ्या हेग करारात (मुलांबद्दलच्या ऑर्डर एकमेकांकडे मान्य करण्याचा) असतील तर एकीकडची ऑर्डर दुसरीकडे मान्य व्हायला बरंच सोपं जातं.

पाचपैकी चार स्टार. दोघांनाही मुलाशी संबंध तुटू नये असं वाटत असेल आणि फक्त भरवसा उडाला असेल तर ही सर्व्हिस डोळे झाकून घ्या. घरात मारहाण असेल तर ही वाट नाही, आधी सुरक्षित जागा आणि स्वतःचा वकील. दुसऱ्या देशातल्या कोर्टाचं समन्स आलं असेल तरी मेडिएशन चालू आहे म्हणून ते बाजूला ठेवू नका, उत्तर दिलं नाही तर एकतर्फी ऑर्डर होऊ शकते. आणि मूल आधीच हेग करारातल्या दुसऱ्या देशात नेलं गेलं असेल तर सेंट्रल ऑथॉरिटीकडे, म्हणजे या करारासाठी प्रत्येक देशाने नेमलेल्या सरकारी कार्यालयाकडे, अर्ज आजच करा, मेडिएशन त्याच्या जोडीने चालू दे. मूल जिथे नेलंय त्या देशात नेल्यापासून एक वर्षाच्या आत केस सुरू झाली नाही तर मूल तिथे रुळलं असा बचाव समोरच्याला मिळतो, आणि मेडिएशनच्या तारखा पडत राहिल्या म्हणून ते वर्ष थांबत नाही.