लाईट गेली की लाईट गेला? फायबरच्या डब्ब्यासोबत १४ महिने

मागच्या वर्षी मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई, पीडा ‘घेऊन जा’ म्हणत पुतळ्याची मिरवणूक निघते तो) आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी फायबरचं इंटरनेट लागलं. गल्लीत पोरं ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत होती आणि आमचे सासरे जुना तांब्याच्या तारेचा मोडेम पिशवीत कोंबत म्हणाले, “हे पण घेऊन जा गे मारबत!” पावसाळ्यात त्या मोडेमनं आमचा इतका जीव खाल्ला होता की त्याला निरोप द्यायला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर माझं भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही, आणि दुसरं म्हणजे फायबरचा डब्बा कोणत्याही कंपनीचा असला तरी समोरचे दिवे जवळपास तेच असतात. मी घरून जीएसटीची कामं करते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला (रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा) नेट गेलं तर माझं काय होतं ते त्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. त्यामुळे १४ महिन्यांत मी टीव्हीपेक्षा या डब्ब्याकडेच जास्त पाहिलं आहे.

पहिल्यांदा नेट बंद पडलं तेव्हा हेल्पलाइनच्या मुलानं विचारलं, “मॅडम, लाईट गेला आहे का?” मी म्हटलं, “नाही, लाईट आहे ना, पंखा सुरू आहे.” पाच मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना वेडं समजत होतो. लाईट ‘गेली’ म्हणजे वीज गेली आणि लाईट ‘गेला’ म्हणजे डब्ब्यावरचा दिवा विझला, हे मला त्या फोननंतर कळलं. तो पॉनच्या दिव्याबद्दल (कंपनीच्या मशीनशी तारेतून जोडणी झाली की नाही ते सांगणारा) विचारत होता आणि मला डब्ब्यावर असं काही असतं हेच माहीत नव्हतं. बसवणारा मुलगा ‘सगळं हिरवं असलं की चालू’ एवढंच सांगून गेला होता. हे वाक्य अर्धवट आहे. एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा दिवा तर हिरवा होतच नाही, तो विझलेला असणं हेच चांगलं लक्षण.

आमच्या डब्ब्यावर डावीकडून पॉवर, पॉन, एलओएस, इंटरनेट, मग लॅनचे (तारेनं लॅपटॉप वगैरे जोडायच्या जागांचे) चार, वायफायचे दोन आणि फोनचा एक असे दिवे आहेत. कामाचे पहिले चार. ते चार मिळून एकच गोष्ट सांगतात: भांडायचं कोणाशी. पॉवर विझला तर घरच्यांशी किंवा ॲडॉप्टरशी. एलओएस लाल लुकलुकला तर लाईनमनशी, कारण तारेतून प्रकाशच येत नाही. एलओएस विझलेला आहे पण पॉन लुकलुकतोच आहे, तर प्रकाश येतो आहे पण पलीकडचं कंपनीचं मशीन आपल्या डब्ब्याला ओळखत नाही किंवा प्रकाश अगदीच काठावरचा आहे. पॉन स्थिर हिरवा आणि इंटरनेट लाल किंवा विझलेला, तर तार ठीक आहे, गडबड लॉगिनची, रिचार्जची किंवा ऑफिसातली. तिथे लाईनमनला खांबावर चढवण्यात अर्थ नाही. हे कळल्यापासून हेल्पलाइनवरचा माझा वेळ निम्म्यावर आला. ‘नेट बंद आहे’ म्हटलं की ते बंद करून चालू करायला लावतात. ‘पॉन स्थिर आहे, एलओएस बंद आहे, इंटरनेट लाल आहे, दोनदा रीस्टार्ट केलं’ म्हटलं की थेट तक्रार नंबर मिळतो.

एलओएस आम्हाला संक्रांतीला भेटला. एलओएस म्हणजे सिग्नल हरवला. लाईनमन त्याला ‘लॉस’ म्हणतात. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि घाबरून विचारलं, “बाप्पा, आपला काय लॉस झाला?” झालं असं की आमच्या गच्चीवरून जाणाऱ्या तारेत कोणाचा तरी पतंग अडकला आणि पोरांनी मांजा धरून असा ओढला की खांबाकडच्या टोकाला तार सुटूनच आली. दुपारी लाल दिवा लुकलुकायला लागला. मी आधी शेजारी विचारलं. हे नक्की करा, कारण रस्त्यावरच्या छोट्या पेटीत एका तारेतून ३२ किंवा ६४ घरांना प्रकाश वाटला जातो. त्याच कंपनीचे शेजारीही लाल असतील तर मुख्य केबल कुठेतरी तुटली आहे (आमच्याकडे सिमेंट रोडचं खोदकाम निघालं की हे ठरलेलंच). शेजारी हिरवे आणि तुम्ही एकटेच लाल, तर तुमचीच तार. आम्ही एकटे होतो. सणाचा दिवस, त्यामुळे दुसऱ्या दिवशी माणूस आला आणि वीस मिनिटांत नवीन जॉइंट मारून गेला. लाल दिवा म्हणजे सगळ्यात वाईट असं मला वाटायचं. आता म्हणेन, लाल एलओएस हा सगळ्यात सोपा रोग. कोणी नाकारू शकत नाही.

अवघड गेला तो यंदाचा पावसाळा. पाऊस असो नसो, दिवसातून चार-पाच वेळा पॉन लुकलुकायचा, दोन मिनिटांत पुन्हा स्थिर. लाल दिवा नाही, म्हणून कंपनी म्हणायची लाईन ओके आहे. तीन वेगवेगळे लाईनमन आले आणि तिघांनी आल्या-आल्या दिवे हिरवेच पाहिले. शेवटी मीच ब्राउझरमध्ये डब्ब्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ उघडून (पासवर्ड डब्ब्याखालच्या चिठ्ठीवर असतो) ऑप्टिकल पॉवरचं, म्हणजे तारेतून किती प्रकाश येतो त्याचं पान शोधलं. आकडा होता उणे २७.६. हा आकडा डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) असतो आणि उणेत असतो, म्हणजे उणे २० चांगलं आणि उणे २७ वाईट. घरगुती डब्बे साधारण उणे २७-२८ पर्यंतच तग धरतात. आणि दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २१ वरून उणे २७ वर आलात तर चौथा हिस्साच उरला. आमचा डब्बा खिडकीच्या चौकटीवर बसल्यासारखा होता, जरा धक्का लागला की बाहेर.

आकड्याचा फोटो काढून पाठवला, तेव्हा चौथा माणूस आला. हा खरा कारागीर. त्यानं आधी बाहेरच्या तारेची पॉवर मोजली. ती उणे २० च्या आसपास, म्हणजे बाहेर सगळं ठीक. मग मला म्हणाला, “ताई, हॉलचा लाईट बंद करा जरा.” खिशातून लाल लेझरची पेनसारखी वस्तू काढली आणि घरातल्या पांढऱ्या तारेच्या एका टोकाला लावली. चपलांच्या कपाटामागे अंधारात तार लालभडक पेटल्यासारखी दिसली. उरलेली तार मीच गुंडाळून, रबर लावून, कपाट मागे सरकवून दाबून टाकली होती. फायबर तांब्यासारखं नसतं, घट्ट वळवलं की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. जिथून सांडतो तिथेच ती लाल दिसते. तो हसून म्हणाला, “काहून एवढी घट्ट बांधली ताई? रोड्ग्याची शेंडी आहे का ही?” तार मोकळी केली, हाताच्या पंजाएवढी मोठी गुंडाळी केली, कनेक्टरचं टोक पुसलं आणि आकडा उणे २०.९. तीन महिने मी कंपनीला शिव्या देत होते आणि चोर कपाटामागे होता. आधीच्या तिघांनी आकडा का पाहिला नाही, हा प्रश्न मात्र मी अजूनही विचारते.

दोन गोष्टी त्यानं बजावल्या. एक, तार काढून तिच्या टोकात कधी पाहायचं नाही. पेनचा लाल लेझर दिसतो, पण कंपनीचा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, आणि न दिसणारा प्रकाशसुद्धा डोळ्याला इजा करू शकतो. दुसरं, हिरव्या डोक्याचा कनेक्टर निळ्या डोक्याच्या सॉकेटमध्ये घुसवायचा नाही. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. बसतो, पण पॉवर मार खाते आणि टोकही खराब होतं.

उन्हाळ्याचं वेगळं प्रकरण. मे महिन्यात दुपारी दोन ते पाच या वेळात डब्बा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा, सगळे दिवे एकदम विझून परत एकेक लागायचे. डब्ब्याच्या मागे लिहिलं आहे, ० ते ४० अंशांत वापरा. हे लिहिणारा माणूस मे महिन्यात नागपुरात आलेला नसावा. इथे २०१३ मध्ये ४७.९ झालेलं आहे. (२०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं होतं, ते संवेदक बिघडल्यामुळे निघालं. पण त्या दिवशी आम्हाला ते खरंच वाटलं होतं.) आमचा डब्बा पश्चिमेच्या भिंतीवर होता, ती भिंत संध्याकाळीसुद्धा पोळते. मी तो खाली, आतल्या भिंतीवर आणला. कूलरसमोर ठेवायचा मोह झाला, पण ती हवा ओली असते, म्हणून बाजूला ठेवला. त्रास कमी झाला, गेला नाही. खरा दोषी ॲडॉप्टर निघाला, हात लागत नव्हता इतका तापायचा. शिवाय तो आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि कूलरची मोटर सुरू झाली की सगळ्याच वस्तू दचकायच्या. सीताबर्डीवरून नवा आणला. घेताना व्होल्ट तेवढेच पाहिजेत, आमचे १२. ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनेची जाडी आणि अधिक-उणेची खूण जुन्याशी जुळवून घ्या. कंपनीनं बदलून दिला असता का? विचारलं. ‘इंजिनिअर पाठवतो’ म्हणाले. अजून पाठवत आहेत.

त्याच फेरीत १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही घेतला आणि या १४ महिन्यांतला हा सगळ्यात शहाणा खर्च. जूनच्या पहिल्या वादळात लाईट गेली (गेला नाही, गेली), अख्खी गल्ली अंधारात, आणि आमचं नेट सुरू. तांब्याच्या काळात हे शक्य नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण फायबरमध्ये एक सोय आहे: रस्त्यावरच्या त्या वाटणाऱ्या पेटीला वीज लागतच नाही. तिकडे ऑफिसात बॅकअप आणि इकडे घरात बॅकअप असला की मधल्या अंधाराशी घेणंदेणं नाही.

रीसेटबद्दल. डब्ब्यामागे एक टाचणीएवढं भोक असतं. सासऱ्यांनी ‘रीस्टार्ट’ म्हणून त्यात केसाची पिन दहा सेकंद दाबली. पॉन हिरवा, एलओएस बंद, इंटरनेट मेलेलं. वायफायचं नाव, पासवर्ड, कंपनीचं लॉगिन, सगळं पुसलं गेलं. दीड दिवस गेला. रीस्टार्ट म्हणजे मागचं बटण बंद करून मिनिटभरानं चालू करणं, बस. भोकावर मी चिकटपट्टी लावली आहे.

आणि सगळे दिवे हिरवे, तरी नेट नाही, हेही असतं. सप्टेंबरच्या २० तारखेला नेमकं झालं, त्या दिवशी माझे सहा रिटर्न बाकी. वायफायवर शंका म्हणून लॅपटॉपला लॅनची तार लावली, तरी तेच. मग गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग केलं (उत्तर येतं का म्हणून हाक मारली) तर उत्तर आलं, पण साइटचं नाव टाकलं की उघडत नाही. म्हणजे रस्ता सुरू होता, पत्ता सांगणारा झोपला होता. लॅपटॉपमध्ये हा पत्ता सांगणारा, म्हणजे डीएनएस, हाताने बदलला आणि रात्री अकराच्या आत सगळे भरून झाले. यासाठी डब्ब्यावर कोणताच दिवा नाही. इंटरनेटचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की लॉगिन झालं, पुढचं तो पाहत नाही.

वायफायचा ‘५जी’ दिवा मोबाइलच्या फाइव्ह जीचा नाही, हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला समजावून मी थकले आहे. ते ५ गिगाहर्ट्झ. वेग चांगला, पण आमच्या दोन भिंतींपलीकडे मागच्या खोलीत पोचत नाही, तिथे २.४ वरच काम चालतं. तेही वायफायचा चॅनल (लहरींची पट्टी) १ वर ठेवल्यापासून, कारण आजूबाजूचे सगळे ६ वर गर्दी करून होते. रात्री हॉलमध्ये झोपणाऱ्याला हे दिवे डोळ्यात खुपतात. बंद करायची सोय या मॉडेलमध्ये नाही, सासऱ्यांनी पुठ्ठा लावला आहे, फक्त एलओएससमोर छोटी खिडकी कापून.

वेग मिळतो का? रात्री नऊनंतर थोडा पडतो, बाकी तारेवर सांगितला तेवढा मिळतो. पावसात नेट जाणं बंद झालं, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. सेवेला मी निम्मेच गुण देईन, आणि तेही त्या चौथ्या लाईनमनभाऊमुळे. प्लॅन या महिन्यात संपला तेव्हा वर्षाचा स्वस्त पडत होता, तरी ६ महिन्यांचाच भरला. भाऊ म्हणत होता की दिवाळीनंतर त्याची बदली हिंगण्याकडे होऊन राहिली आहे.