मटण सॉसेजसाठी १९ की ३२ मिलिमीटर?

आमच्या वहिनी सोलापुरात घरीच काळं तिखट घालून मटण सॉसेज करायला निघाल्यात. आवरण, म्हणजे ज्यात खिमा भरतात ती लांब पातळ पिशवी, किती व्यासाचं घ्यायचं, यावर अडल्यात.

आधी मेहनत पाहू. एक किलो खिम्याला १९ मिमीचं आवरण साधारण साडेतीन मीटर लागतं, ३२ मिमीचं जेमतेम सव्वा मीटर. बारीक आवरण भरायला नळी अरुंद लागते, खिमा दोनदा दळावा लागतो आणि घाई केली की ते फाटतंच. जाड आवरण नवख्या हातालाही सांभाळून घेतं.

वाळवताना मात्र १९ सरस. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात जाड कांडीची साल आधी कडक होते, ओल आत अडकते. गच्चीवर उन्हात तर कुठलीच वाळवू नका, मांस नासतं. ओव्हनमध्येच करा, आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअसवर जाऊ द्या.

एक गोष्ट आधीच विचारा: ३२ मिमीचं नैसर्गिक आवरण बहुधा डुकराच्या आतड्याचं असतं, कोलाजेन या प्रथिनापासून बनवलेलं बऱ्याचदा गुरांच्या कातड्याचं. घरात चालत नसेल तर मेंढीचं घ्या. ते २६-२८ मिमीपर्यंत मिळतं.

प्रवासाला, डब्याला सुक्या कांड्या हव्यात तर १९. तव्यावर परतून कडक भाकरीसोबत रसरशीत खायचं तर ३२. वहिनी, पहिल्यांदाच करताय, मेंढीच्या २६ पासून सुरुवात करा.