वंशावळ शोधायची आहे: आधी दप्तर की आधी डीएनए?

लाळेचा नमुना नळीत भरून प्रयोगशाळेकडे पाठवावा, की गावच्या तलाठी कार्यालयापासून सुरुवात करून जुनी दप्तरे चाळावीत, हा प्रश्न पूर्वजांचा शोध घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांत आता वरचेवर निघतो. माझे मत आरंभीच सांगतो. ज्यांना आपले आईवडील आणि मूळ गाव ठाऊक आहे, त्यांनी वेळ व पैसा आधी कागदपत्रांवर खर्च करावा. ज्यांच्या बाबतीत कागदच नाही किंवा कागद जिथे मुळातच मुका आहे, त्यांच्यासाठी मात्र डीएनए चाचणी हा खरा आधार आहे. दोन्ही साधने एकाच प्रश्नाचे उत्तर देतात असे समजून निवड केली, की हाती निराशा येते.

कागद नाव देतो, नाते देतो आणि बहुधा तारीखही देतो. जमीन असलेल्या कुटुंबासाठी सर्वांत फलदायी कागद म्हणजे फेरफार, म्हणजेच जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. सातबारावर आज दिसणाऱ्या प्रत्येक नावामागे फेरफाराचा क्रमांक असतो, आणि तो क्रमांक धरून मागे मागे गेले, की खातेदार मयत झाल्यावर वारस म्हणून कोणाकोणाची नावे दाखल झाली हे पिढीगणिक उलगडत जाते. या नोंदी वाचण्याची एक रीत आहे. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे असेल, तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लावलेला असतो आणि त्याच्या धाकट्या भावांची नावे उताऱ्यावर नसली तरी ते भाऊ नव्हतेच असा अर्थ काढता येत नाही. ‘अ.पा.क.’ असे असेल, तर वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि त्याचा पालनकर्ता म्हणून दुसऱ्याचे नाव लागले आहे. ही पालनकर्ती पुष्कळदा आई असते, आणि घराण्याच्या तोंडी वंशावळीत कुठेच न आलेले तिचे नाव इथे सापडते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाल्या. त्यामुळे नोंदी शाबूत असतील, तर चार-पाच पिढ्यांचा धागा एकट्या फेरफारांतून जुळू शकतो.

त्यामागे जायचे असेल, तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथे गाव, आडनाव आणि जात सांगितली, की संबंधित उपाध्याय आपल्या यजमानांची नामावळी काढतात. यात्रेला आलेल्या पूर्वजाने सोबतच्या भावांची, मुलांची नावे लिहवलेली असतात आणि कधी त्याच्या हातची सहीही असते. हरिद्वारच्या अशा वह्यांचे मायक्रोफिल्मवर चित्रीकरण अमेरिकेतील युटा येथील वंशावळ संस्थेने केले आहे. वतनदार किंवा इनामदार घराण्यांनी पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचा विचार करावा. इनामांच्या हक्कांची चौकशी करणाऱ्या आणि १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनपुढे आपला हक्क शाबीत करण्यासाठी अनेक कुटुंबांनी कैफियती आणि वंशावळी सादर केल्या होत्या. हे कागद मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणाऱ्याचे मानधन खर्चात धरावे लागते. मात्र मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरतात, आणि घरातील एकाने लिपी शिकून घेतली तर तो खर्च वाचतो.

कागदाचे दोष लहान नाहीत. कुलवृत्तांत छापण्याची परंपरा काही मोजक्या समाजांत रुजली. भूमिहीन आणि भटक्या कुटुंबांच्या वाट्याला ती आली नाही. तरीही ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्यासाठी कागद अजिबात नाही, असे समजून थांबणे चुकीचे ठरेल. गाव नमुना नंबर १४ म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि महार वतनाचे कागद यांतून ज्यांची कोणी वंशावळ लिहिली नाही, अशा घरांचीही नावे निघतात. दुसरा दोष अधिक खोल आहे. बहुतेक पारंपरिक वंशावळी पुरुषांच्या आहेत. सून आली की तिचे माहेरचे नाव गळते आणि मुलगी सासरी गेली की तिची शाखाच संपते. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांची स्थिती या बाबतीत बरी आहे, कारण चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदीत आईचेही नाव असते.

डीएनए चाचणी नेमकी इथे उपयोगी पडते. पण कोणती चाचणी, हे आधी ठरवले पाहिजे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सर्व अपत्यांना मिळतो आणि आई, आजी, पणजी असा धागा दाखवतो. वाय गुणसूत्र बापाकडून केवळ मुलाकडे जाते. बाजारात सर्वाधिक विकली जाणारी चाचणी या दोन्हींहून वेगळी असून ती उरलेल्या बावीस गुणसूत्रजोड्यांवर भर देते. तीत दोन माणसांचा किती डीएनए समान आहे हे मोजून नात्याचा अंदाज बांधतात. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो, पणजोबा एकच असलेल्यांत तीन टक्क्यांच्या आसपास, आणि खापरपणजोबा एकच असलेल्यांत एक टक्क्याहूनही कमी. या शेवटच्या गटातील सुमारे दहांत एका जोडीमध्ये ओळखता येण्याजोगा समान डीएनए आढळतच नाही. आणखी एक पिढी मागे गेले तर जवळपास निम्म्या जोड्या अशा निघतात. चाचणीत जुळणी नाही, म्हणजे नाते नाही, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

मराठी माणसासाठी यात आणखी दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की जुळणी त्यांच्याशीच होते ज्यांनी त्याच कंपनीकडे चाचणी केली आहे, आणि मोठ्या कंपन्यांचे ग्राहक प्रामुख्याने अमेरिका व युरोपातले आहेत. दुसरी अडचण आपल्या विवाहपद्धतीतून येते. शतकानुशतके जातीतच सोयरिकी झाल्या आणि अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती. त्यामुळे दोन माणसे चार-पाच वेगवेगळ्या वाटांनी एकमेकांची नातलग असतात, त्या सर्व वाटांचा डीएनए एकत्र मोजला जातो, आणि दूरचा भाऊबंद अहवालात जवळचा दिसू लागतो. अहवालातील प्रांतवार टक्केवारीवर तर मी निर्णय सोपवणार नाही. ती कंपनीच्या संदर्भ-नमुन्यांवर अवलंबून असते, नमुने बदलले की बदलते, आणि सख्ख्या भावंडांतही एकसारखी येत नाही.

दत्तकाचा मुद्दा दोन्ही पद्धतींतील फरक सर्वांत स्पष्ट करतो. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. कागद त्यांना छत्रपतींच्या वंशात योग्य ठिकाणी ठेवतो, तर वाय गुणसूत्राचा धागा घाटगे घराण्याकडे जातो. दोन्ही उत्तरे खरी आहेत, प्रश्न मात्र निराळे आहेत. आपल्याकडे दत्तकाची चाल घरोघर होती. म्हणून दोन गावांतील एकाच आडनावाची माणसे एकाच मूळ पुरुषाची आहेत का, हे वाय चाचणीने तपासताना निकाल नकारात्मक आला, तर भावकीत संशय पसरवण्याआधी दत्तकपत्र शोधावे.

जिथे कागद काहीच सांगू शकत नाही, तिथे डीएनएने काय साधले याचे उत्तम उदाहरण कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या यहुदी समाजाचे आहे. पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे कोकणातील वस्तीचा माग देतात, पण त्याआधीचा इतिहास परंपरेतच होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले. लक्षात घ्यावे, की हे उत्तर समाजाचे आहे. एखाद्या कुटुंबाच्या खापरपणजोबांचे नाव त्यातून मिळत नाही. परदेशी दत्तक गेलेल्या आणि जन्मदात्यांचा कागद नसलेल्या व्यक्तीनेही चाचणी करावी, एकाहून अधिक कंपन्यांच्या डीएनए संग्रहांत आपली माहिती ठेवावी आणि जुळणीसाठी अनेक वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचे मात्र उलट आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या नोंदी जपलेल्या असून त्यांत बापाचे नाव, जात आणि गाव मिळू शकते. त्यांनी आधी तिथेच जावे.

जात प्रमाणपत्रासाठी वंशावळ हवी असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महसुली किंवा शालेय पुरावा आणि त्या पूर्वजाशी नाते जोडणारी वंशावळ लागते. डीएनए अहवाल जात सांगत नाही, आणि पडताळणीत तो या पुराव्याची जागा घेत नाही.

खासगीपणाचा विचार चाचणीआधीच करावा, कारण नमुना एकाचा असला तरी माहिती साऱ्या रक्ताच्या नात्याची असते. ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अनपेक्षित सावत्र भावंड निघाले, तर ते ऐकण्याची घरातील वडीलधाऱ्यांची तयारी आहे का, हेही त्यांना आधी विचारावे.

चाचणी करायचेच ठरले, तर तरुणांपेक्षा आजी-आजोबांचा नमुना त्यांच्या संमतीने घ्यावा, कारण त्यांच्यात जुन्या पिढीचा डीएनए अधिक टिकून असतो. स्त्रीला माहेरचा पितृवंश तपासायचा असेल, तर तिच्यात वाय गुणसूत्र नसल्याने वडील, भाऊ किंवा काका यांचा नमुना लागेल. आजोळच्या पुरुषवंशासाठी मामा किंवा मामेभाऊ तयार झाला पाहिजे.