पद्मिनीला करंट येत नाही: पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं?

स्टार्टर जोमात फिरतोय, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येतंय, पण प्लगला करंट नाही. प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच, आणि गॅरेजमध्ये सल्लाही ठरलेला असतो: पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक बसवून टाका. सल्ला वाईट नाही, पण घाईचा आहे. त्या इलेक्ट्रॉनिक किटने बदलतात फक्त पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, आणि त्यांच्यावरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर. व्होल्टेज वाढवणारी कॉइल, प्लगना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर आणि कॅप, एचटी (हाय टेन्शन) वायरी, इग्निशन स्विच सगळं जुनंच राहतं. दोष तिथे असेल तर पैसे घालूनही गाडी ढिम्म हलणार नाही.

म्हणून आधी दोष शोधा. त्यासाठी 12 व्होल्टचा, वायर जोडलेला साधा बल्ब पुरतो. एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या प्लसला लावा आणि किल्ली ऑन करा. बल्ब लागला नाही तर गडबड स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. पॉइंटचा विषयच नाही. लागला तर तेच टोक कॉइलच्या मायनसला लावून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. बल्ब लुकलुकला म्हणजे पॉइंट उघडमीट करताहेत. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर घाण बसली आहे. अजिबात लागला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे किंवा कॉइल आतून तुटली आहे.

बल्ब लुकलुकतोय आणि कॉइलची मधली एचटी वायर इन्सुलेटेड पकडीने बॉडीपासून पाचेक मिलिमीटरवर धरली की निळी ठिणगीही दिसते? मग कॅप आणि रोटर पाहा. कोकणातल्या पावसाळ्यात कॅपच्या आत धरलेला ओलावा किंवा केसाएवढी तडदेखील गाडी बंद पाडायला पुरेशी असते. कॅपच्या मधला कार्बन झिजलाय का, तेही बघा.

दोष पॉइंटकडेच निघाला तर पृष्ठभाग उजेडात नीट न्याहाळा. एका बाजूला खड्डा आणि समोर तेवढाच उंचवटा दिसला तर बहुधा कंडेन्सर बिघडलाय. आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते: डिस्ट्रिब्युटरमधली छोटी, लवचिक वायर. वरून ती धडधाकट दिसते, पण आतले तंतू तुटलेले असतात. हलक्या हाताने ओढून पाहा.

आता खरी तुलना. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. 3000 आरपीएमला पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडतात. पॉइंटची शाफ्टवर घासणारी टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे सरकतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. म्हणून गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांचं फिलर गेज हाताशी हवं आणि अधूनमधून कॅप उघडायची सवय हवी. पण पॉइंट झिजतात तेव्हा बहुतेकदा आधी इशारा देतात: गाडी मिस मारते, सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुरते. रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरने घासून घरी परतता येतं. कंडेन्सर मात्र अचानक दगा देतो, तोही गरम झाल्यावर. म्हणून चांगला चाललेला जुना कंडेन्सर मी कधी फेकत नाही.

इलेक्ट्रॉनिक किटमध्ये घासणारं काहीच नाही. शाफ्टला आधार देणारं बुश सैल झालेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचा गॅप कधीच स्थिर राहत नाही; तिथे हे किट कितीतरी चांगलं चालतं. मात्र किटचं मॉड्यूल, म्हणजे पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं की गेलं, घाटात ते दुरुस्त होत नाही. इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन राहिली तर काही मॉड्यूल जळतात. बॅटरी अगदीच बसली असेल तर धक्का मारूनही ठिणगी मिळेलच असं नाही. काही किटना सप्रेशनवाल्या (विद्युत खरखर दाबणाऱ्या) एचटी वायरी लागतात, तो खर्च वेगळा. गाडी पद्मिनी नसून पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) जुनी ब्रिटिश असेल तर किट त्याच अर्थसाठीचं आहे का, ते आधी विचारा, नाहीतर पहिल्याच किल्लीला ते संपेल.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी रविवारी निघते, शाफ्ट घट्ट आहे आणि तुम्हाला स्वतः हात घालायला आवडतं, तर पॉइंटच ठेवा. नवा सेट बसवताना त्याच्यावरचा तेलकट थर पेट्रोलच्या फडक्याने पुसायला विसरू नका. नव्या पॉइंटलाही करंट न येण्याचं ते नेहमीचं कारण आहे. गाडी रोज ऑफिसला नेता किंवा शाफ्ट हाताने हलवल्यावर डुलतो आणि बुश बसवून देणारा माणूस सापडत नाही, तर इलेक्ट्रॉनिक घ्या. ते कॅपखाली लपतं, बाहेर दिसतात फक्त वायरी. फक्त काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि त्यांचे स्क्रू एका डबीत घालून डिकीत ठेवा. मॉड्यूलने साथ सोडलीच, तर हायवेवरचा कुठलाही जुना मेकॅनिक ते परत बसवून देईल.