कायोटीसाठी .२२३ की .२२-२५०? (आणि .२४३ कुणासाठी?)

रायफल घ्यायचं नक्की झालं की गाडी काडतुसापाशी अडते. वायोमिंग, नेब्रास्का, कॅन्ससच्या माळावर कायोटीमागे (अमेरिकेतलं कोल्ह्यासारखं रानटी जनावर) जाणाऱ्यांत तीन पक्ष आहेत: .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० रेमिंग्टन आणि .२४३ विंचेस्टर. .२०४ रुगरवाले आहेत, पण आडगावच्या दुकानात त्याची काडतुसं मिळतीलच असं नाही, म्हणून तो इथे धरलेला नाही.

तिन्हींनी कायोटी जागेवर पडतो. पश्चिमेकडचं जनावर साधारण १० ते १६ किलोचं. हिवाळ्यात ते फुगून दीडपट दिसतं, पण मर्माची जागा तळहाताएवढीच. पाठीच्या रेषेजवळ धरलेला नेम नुसत्या केसांतून निघून जातो आणि दोष काडतुसाला मिळतो.

कागदावर .२२-२५० सरळ पुढे आहे. ५५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, साधारण ०.०६५ ग्रॅम) गोळी .२२३ मधून सेकंदाला सुमारे ३,२४० फुटांनी निघते, .२२-२५० मधून ३,६८० फुटांनी. दोन्हींचा नेम २०० यार्डांवर जुळवला तर ३०० यार्डांवर पहिली ७ इंचांच्या आसपास खाली येते, दुसरी ५. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर .२२३ साडेदहा इंच सरकते, .२२-२५० नऊ इंच. आता तोच वारा १० नसून १५ मैलांचा होता आणि तुम्हाला ओळखता आला नाही, असं धरा. .२२३ आणखी पाच इंच चुकते, .२२-२५० साडेचार. वारा वाचण्यातली चूक काडतुसांमधल्या फरकापेक्षा कितीतरी महाग पडते. ती कमी करायला सराव लागतो, आणि स्वस्तात सराव .२२३ वरच होतो. शिवाय सशाच्या किंकाळीची नक्कल करून बोलावलेला कायोटी बहुतेक वेळा २०० यार्डांच्या आत येतो.

.२४३ चं थोडक्यात. हरीणही याच रायफलने मारायचं असेल तर बाकी चर्चा नको, हीच घ्या. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ इंच व्यासाची गोळी लागते, त्यामुळे तिथे .२२ ची दोन्ही काडतुसं आपोआप बाद. कायोटीसाठी ५८ ग्रेनची गोळी ३,९०० फुटांच्या घरात जाते, वाऱ्यात बरी टिकते. पण कातडं विकायचं असेल तर सुई-दोरा जवळ ठेवा.

माझ्यापुरता निकाल एका कटकटीने लावला, आणि ती कुठल्याच तक्त्यात नसते. बार झाला की दुर्बिणीत काय दिसतं? सहा पौंडांची हलकी रायफल, दुर्बीण १० पटीवर, .२२-२५० चा बार, आणि दुर्बिणीत आभाळ. नळी खाली येऊन चित्र परत मिळेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, आणि जे बघायचं होतं ते तेवढ्यातच घडून गेलेलं असतं. धूळ जनावराच्या पुढे उडाली की मागे, केस उडाले की नाही, ते कोलमडलं की सेजब्रशच्या झुडपांआडून उतारावर गेलं, काहीच कळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत कायोटी जोडीने येतात. पहिला पडला तरी दुसरा एकदा थबकून मागे बघतो. तो क्षण चित्र टिकलं तरच हाती लागतो.

गणित सोपं आहे: दारू जितकी जास्त, तितका झटका जास्त. .२२३ मध्ये दारू साधारण २६ ग्रेन, .२२-२५० मध्ये ३६, .२४३ मध्ये चाळिशीच्या पुढे. खांद्याला तिन्हींचा त्रास नाही, म्हणून लोक झटक्याचा विचारच करत नाहीत. पण प्रश्न खांद्याचा नाही, नळी किती उसळते याचा आहे. दुर्बिणीसकट आठ पौंडांच्या .२२३ मध्ये, दुर्बीण ५-६ पटीवर असेल तर, गोळी लागलेली स्वतःला दिसते. .२४३ मध्ये मला हे भरवशाने कधी जमलं नाही. तुमचं वजन, बसण्याची पद्धत वेगळी असेल तर अनुभवही वेगळा असू शकतो.

.२२-२५० वर इलाज नाहीत असं नाही. जाड नळी घ्या, मग दहा पौंड खांद्यावर घेऊन दिवसातून आठ-दहा बैठका (दबा धरून बसायच्या जागा) चाला. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाशी वायू बाजूला सोडणारा तुकडा) लावा, उसळी मरते. पण कानाला संरक्षण नसेल तर एका बारात कान गेले म्हणून समजा, आणि पालथं झोपून मारलं की समोरची धूळ-बर्फ उडून चित्र पुन्हा झाकलं जातं. सायलेन्सर उत्तम, फक्त नळी अर्ध्या फुटाने लांबते. सगळं जमतं, पण प्रत्येक इलाजाला पैसे नाहीतर वजन. .२२३ ला हे फुकट मिळतं.

दुसरी बाब नळीतल्या पिळाची, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांची. रेमिंग्टन ७०० सारख्या जुन्या .२२-२५० रायफलींचा पीळ १४ इंचांना एक फेरा असा संथ असतो. ५५ ग्रेनपर्यंतची शिशाची गोळी छान जाते, त्याहून लांब गोळी हेलकावते. तांब्याची गोळी त्याच वजनाला जास्त लांब असते, आणि कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही. टिक्का टी३एक्सच्या .२२३ चा पीळ ८ इंचांना एक, त्यात हलक्यापासून सत्तरीपार ग्रेनपर्यंत सगळं चालतं. वापरलेली रायफल घेताना नळीवर कोरलेला आकडा वाचूनच पैसे द्या.

.२२-२५० कुणी घ्यावी? कापणी झालेल्या सपाट शेतांच्या कडेला बसून साडेतीनशे यार्डांवरचे बार नेहमी काढणाऱ्याने. तिथे .२२३ चा जोर खरंच ओसरलेला असतो, आणि तिरक्या उभ्या जनावरावर तो जाणवतो.

बोल्ट (दर बाराला हाताने खटका ओढायची रायफल) की एआर-१५ (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी)? दुसरा बार झटपट हवा तर एआर. पण शांत पहाटे त्याचा बोल्ट पुढे सुटतो तो आवाज माळभर जातो, आणि हळूच सोडला तर पूर्ण बसत नाही. ट्रकमधून उतरून काडतूस चढवायचं असतं तेव्हा हे नडतं.

गोळी मात्र ५० ते ५५ ग्रेनची, प्लास्टिकच्या टोकाची, खांद्याच्या किंचित मागे. फार हलकी, वेगवान गोळी ५० यार्डांवर खांद्याच्या हाडाला लागली तर वरच्यावर फुटते. मोठी जखम होते आणि जनावर पळतं. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी आरपार जाते, गोठलेल्या जमिनीवरून उसळते, कायोटी जखमी होऊन निसटतो. स्वस्त म्हणून ती आणू नका.

एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर एक अडचण काडतुसाच्या आधी येते. अशा व्हिसावर संघीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, आणि कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना ही त्यातली एक सूट. वायोमिंगमध्ये कायोटीला परवाना लागत नाही, म्हणून लोक काढत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. आधी परवाना, मग दुकान.

.२२३ घेतलीत तर १०० यार्डांवर दीड इंच वर जुळवा, म्हणजे २०० वर नेमकी बसते. हे थंडीतच करा, उन्हाळ्यातलं जुळवणं जानेवारीत तसंच राहील असं धरू नका. बोल्टमधलं जाड ग्रीस पुसून टाका, कडाक्यात ते घट्ट होतं आणि फायरिंग पिन मंदावते. आणि बैठकीला बसताना दुर्बीण ४ पटीवर ठेवा. लांबचा आलाच तर वाढवायला वेळ मिळतो, झुडपातून तीस यार्डांवर आला तर कमी करायला मिळत नाही.