हँडी स्वस्तातली चालेल, पण अँटेनात काटकसर नको

हँडी म्हणजे हातात मावणारा वॉकीटॉकीसारखा रेडिओ सेट. माझ्याकडं दोन आहेत, बाऊफेंग यूव्ही-5आर घेऊन आठ महिने झाले, क्वानशेंग यूव्ही-के5 घेऊन तीन, दोन्ही रोज हातात असतात म्हणून आता लिहायला हरकत नाही. आमचं घर सांगलीत, दुसरा मजला, गच्चीच्या जिन्याजवळ अडगळीची जागा होती तिथं एक कडप्पा टाकून शॅक, म्हणजे रेडिओची बसायची जागा, केलीय.

हे सगळं कशापायी तर 2019 चा पूर. ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 ची, लाईट नाही, मोबाईल बंद पडलेले आणि मिरजेच्या ताईला आम्ही बरे आहोत एवढं कळवायला दीड दिवस गेला. पुढं दाजींनी आणि मी मिळून हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दिली, एक भाग रेडिओच्या थिअरीचा, एक नियमांचा, मोर्स लागत नाही. लायसन्स आधी घ्या आणि मगच सेट घ्या, बिनालायसन्स पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबणं गुन्हा आहे.

आता सेट. 5आर मध्ये व्हीएचएफ-यूएचएफ दोन्ही बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे), 128 चॅनल, हाय पॉवरला साधारण 4 वॉट, बॅटरी 1800 एमएएचची, नवीन माणसाला एवढं भरपूर झालं. बटणांनी चॅनल भरत बसू नका लई वेळ जातो, चर्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात एक्सेलसारखा तक्ता भरायचा आणि सेटमध्ये टाकायचं. सेट कॉम्प्युटरला जोडायची केबल मात्र बघून घ्या, मी पहिली ऑनलाइन घेतली ती नकली चिपची निघाली, कॉम्प्युटर ओळखेचना आणि विकणाऱ्यानं परत पण घेतली नाही, दुसरी सीएच340 चिपची आणली ती पहिल्या झटक्यात चालली. के5 चं मला आवडलेलं म्हणजे सेटलाच टाइप-सी, पॉवर बँकेवर चार्ज होतो. 5आर डॉकमध्ये ठेवावा लागतो. पुरात लाईट गेल्यावर हा फरक केवढा मोठा हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, म्हणून एकच घ्यायचा असेल तर मी के5 म्हणेन.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. खोलीत बसून सेटच्याच आखूड रबरी अँटेनावर दाजींना हाक मारली तर मिरजेत नुसती खरखर, अंतर जेमतेम दहा किलोमीटर. आणि त्याच आठवड्यात गच्चीवर उभं राहून त्याच रबरी अँटेनावर 437.800 मेगाहर्ट्झला स्पेस स्टेशनचा रिपीटर (आलेला आवाज परत प्रसारित करणारा सेट) ऐकला, चारशे किलोमीटर वरून! स्टेशनच्या वेगामुळं येताना 437.810 वर, जाताना 437.790 वर सरकत गेला. मधे भिंत नाही, झाड नाही, बिल्डिंग नाही, एवढाच काय तो फरक. वॉट वाढवून हे सुटत नाही, उंचीनं सुटतं.

मग ग्राउंड प्लेन अँटेना, म्हणजे एक उभा रॉड आणि खाली चार तिरके, घरीच केली. केबल जोडायचं एक एसओ-239 सॉकेट, एसीवाल्याकडनं आणलेले पितळी ब्रेझिंग रॉड, मधल्या पिनला 49 सेंटिमीटरचा एक उभा सोल्डर केला, चार कोपऱ्यांच्या भोकांत चार, थोडे लांब, 45 अंशात खाली वाकवलेले, आणि पाण्याच्या टाकीच्या वर पीव्हीसी पाइपला बांधली. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना नीट जुळली का ते दाखवणारा) मित्राचा आणून उभा रॉड दोन-दोन मिलिमीटर कापत 145 मेगाहर्ट्झला आणली. त्या संध्याकाळी दाजी म्हणाले, "अरे, शेजारी बसल्यागत येतंय की!" ताईनं पण मागनं आवाज दिला, मला खरंच भरून आलं.

दोन गोष्टी सांभाळा. अँटेनापासून सेटपर्यंतची आरजी-58 केबल दहा मीटर घातली की तिसऱ्या हिश्शाहून जास्त पॉवर केबलमध्येच जाते, त्यामुळं शॅक गच्चीच्या जवळच करा, आणि जाड केबल थेट हँडीला लावू नका, तिच्या वजनानं सेटचं सॉकेट हलतं, मधे बारीक वायरचा तुकडा घ्या. बाहेरच्या अँटेनावर असे सगळं एकाच चिपवर करणारे स्वस्त सेट जवळच्या जोरदार सिग्नलनं दबतात पण, मग रबरी लावून ऐकायचं.

आणि वळवाचं आभाळ भरून आलं की विजेच्या भीतीनं अँटेनाची केबल काढून खिडकीबाहेर, मी हे रोज झोपायच्या आधीच करतो.