ऑनलाइन की ऑफलाइन? एवढे महिने दोन्ही करून झाल्यावरचा अनुभव

2020 च्या मार्चमध्ये कोरोना व्हायरसमुळे वर्ग बंद झाले तेव्हापासून ऑनलाइन, मग मधे काही महिने हायब्रिड म्हणजे अर्धी मुलं वर्गात अर्धी घरी, असं सगळं तेव्हा करून झालं. मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी, त्यामुळे सायन्सवाल्यांना जास्त उपयोग होईल.

आधी चांगलं. रेकॉर्डिंग! थर्मोडायनॅमिक्सचं डेरिव्हेशन चालू असताना वर्गात एक स्टेप सुटली की गेलीच, इथे व्हिडिओ मागे घेऊन, स्पीड कमी करून हवं तेवढ्यांदा बघता येतं, परीक्षेच्या आधी तर याचा फार आधार वाटतो. शिवाय घरात वयस्कर माणसं असली तर आपल्यामुळे त्यांना काही होईल ही धास्ती नव्हती, आणि ही काही छोटी गोष्ट नव्हती.

पण ऑनलाइनमध्ये शंका विचारणं पार बंद पडलं होतं. वर्गात सर फळ्यावरून वळले की चेहरे बघूनच त्यांना कळतं की एन्ट्रॉपीचं चिन्ह असं का आलं ते कुणाच्याच डोक्यात शिरलेलं नाही, मग ते आपणहून परत सांगतात. इथे समोर नुसते काळे चौकोन आणि नावं. "समजलं का?" विचारलं की दोघं एकदम बोलतात, मग दोघंही "तू बोल, तू बोल" करत गप्प, तोवर पुढची स्लाइड आलेली असते. आवाज पोचायला साधारण 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की बोलणं अडखळायला लागतं, त्यामुळे यात मुलांचा दोष नाही. कॅमेरा चालू ठेवा म्हणणं सोपं होतं, पण डेटा पुरत नव्हता आणि एका खोलीत दोन भावंडांचे क्लास असायचे त्याचं काय?

प्रॅक्टिकल ऑनलाइन नकोच. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून प्रमाण मोजायच्या प्रयोगात, शेवटच्या एका थेंबाने फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या सूचकाचा फिका गुलाबी रंग येतो आणि टिकतो, तिथे नेमकं थांबायला ब्युरेटचा (मापनळीचा) कॉक, म्हणजे तोटी, स्वतःच्या हाताने फिरवावा लागतो, व्हिडिओ बघून तो हात बसत नाही.

हायब्रिड सगळ्यात वाईट होतं. मास्कमधून आवाज, माइक टेबलावर, सर फळ्याकडे गेले की घरून ऐकणाऱ्या मुलांना काहीच ऐकू यायचं नाही, आणि वर्गातल्यांचे प्रश्न तर कधीच नाही.

तेव्हाचं माझं मत, थिअरी ऑनलाइन चालेल, लॅब आणि ट्युटोरियल मात्र समोरासमोर, छोट्या बॅचेस करून, खिडक्या उघड्या ठेवून, कारण हा व्हायरस बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. आणि आता सगळं पूर्ववत झालं असलं तरी रेकॉर्डिंग चालूच ठेवावं. तुमच्याकडे "ऑनलाइन की ऑफलाइन" असा एकाच उत्तराचा फॉर्म आला तर विषयवार उत्तर द्यायची सोय मागून घ्या.